ओझ्याची मर्यादा : पडावापासून डंपरपर्यंत



स्मरणिकेच्या पानांवर आपली कुळे, देवस्थाने आणि गावकीचे मानपान यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच आहे. परंतु ज्या धंद्यावर आज आपल्या समाजातील कितीतरी चुली पेटतात, त्या मालवाहतुकीच्या धंद्याचा इतिहास मात्र कोणी मांडलेला आमच्या पाहण्यात नाही. शिरवणे, जुईनगर, नेरूळ, तुर्भे या भागात ज्या घराचा चाकाशी काहीच संबंध नाही असे घर विरळा. कोणाचा डंपर, कोणाचा ट्रेलर, कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक. या गाड्यांवर किती ओझे घालावे याविषयी सरकारचा कायदा आहे हे सर्वांस ठाऊक आहे. पण तो कोठून आला, कशासाठी आला आणि त्याने नेमके कोणाचे रक्षण होते, याचा विचार क्वचितच होतो. त्या कायद्याची हकीकत यथामती सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या लोकांस ओझ्याची मर्यादा शिकविण्यास कायदा लागला नव्हता. ती खाडीने शिकविली. आपले नावच मुळी आगरावरून पडलेले. भात आणि मीठ ही दोन्ही जड पिके, आणि रस्ते नव्हते त्या काळात ती मुंबईस जात ती पडावांतून व मचव्यांतून. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल १९७३ साली झाला. त्यापूर्वीच्या काळात पनवेल-बेलापूरच्या बाजूने मुंबई गाठावयाची, तर पाण्याची वाट हीच जवळची. माल भरताना तांडेल काठावर उभा राही आणि पाण्याची रेघ पडावाच्या काठापासून किती खाली आहे ते पाही. ती रेघ त्याच्या मनातील खुणेपर्यंत आली की तो हात वर करी. मग मालाचा धनी कितीही मोठा असो, त्यापुढे एक गोणही चढत नसे. कारण उघड आहे. पडाव बुडाला तर त्यात तांडेल स्वतः बुडणार, आणि मालही बुडणार. चूक करणारा आणि शिक्षा भोगणारा एकच, अशी ती व्यवस्था होती.

त्या वेळचे माप खंडीचे. मुंबईची वजनी खंडी वीस मणांची, आणि मुंबईचा मण अठ्ठावीस पौंडांचा. म्हणजे खंडी पाचशे साठ पौंडांची, आजच्या हिशेबाने २५४ किलोंची. गंमत अशी की, अशा चार खंड्या म्हणजे बरोबर एक इंग्रजी टन, दोन हजार दोनशे चाळीस पौंड. गोदीतील साहेबाचा टन आणि आपली खंडी यांची सांगड इतकी सोपी होती. (भाताची खंडी मापाने मोजीत, ती निराळी; तिचा घोळ येथे घालीत नाही.) पुढे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ पासून किलोग्रॅम आला, आणि मण व खंडी जुन्या माणसांच्या बोलण्यात तेवढी उरली.

इंग्लंडसारख्या दर्यावर्दी देशासही ही गोष्ट कायद्याने घालून द्यावी लागली, हे वाचून आपणांस नवल वाटेल. तेथे जहाजाचा मालक घरी बसे आणि बुडे तो खलाशी. विमा उतरविलेले जुने जहाज वाटेल तितके भरून पाठविले आणि ते बुडाले, तरी मालकाच्या पदरी पैसे पडतच. सॅम्युअल प्लिमसोल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने याविरुद्ध मोठी चळवळ केली, तेव्हा १८७६ साली जहाजाच्या बाजूस भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. पण त्यातही पळवाट राहिली. रेषा असलीच पाहिजे असे कायदा म्हणे, ती कोठे काढावी हे मात्र मालक ठरवी. ही पळवाट बंद होण्यास १८९० साल उजाडले. ही चौदा वर्षांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे आपल्या देशातही तिचा मासला दिसणार आहे.

आता रस्त्याकडे वळू. बैलगाडीच्या काळी ओझ्याचा प्रश्न बैल सोडवीत. न झेपणारी गाडी ते ओढीतच नसत. मोटारीस असा स्वभाव नाही. ती कण्हत का होईना, पण चालते. १९१४ च्या पहिल्या मोटार कायद्याचा रोख मुख्यतः नोंदणी आणि परवाना यांवर होता. महायुद्धानंतर ट्रक आणि बसगाड्या वाढल्या व रस्ते उखडू लागले, तेव्हा सरकारने १९२७ साली एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. जो रस्ता वापरतो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा, या विचाराने या समितीने पेट्रोलवर जादा कर बसवून रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी उभारण्याची शिफारस केली. १९२९ साली तो निधी सुरू झाला, आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. रस्ता किती जाड असावा आणि पुलाने किती भार पेलावा याची प्रमाणे आजही हीच संस्था ठरविते.

त्यानंतर १९३९ चा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या बहात्तराव्या कलमाने ठरले की, नोंदणीत लिहिलेल्या वजनापलीकडे भरलेली गाडी कोणी चालवू नये. आणि त्र्याहत्तराव्याने अधिकाऱ्यास गाडी थांबवून वजन करविण्याचा अधिकार मिळाला. वजन दोन प्रकारे पाहिले जाई : एक सबंध गाडीचे मालासह वजन, आणि दुसरे एकेका आसावर पडणारे वजन. आपल्या चालकबंधूंस पुष्कळदा पडणारा प्रश्न हा की, गाडीचे एकूण वजन ठरल्यावर आसाचे वजन वेगळे कशाला? त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो, कारण कायद्याचे मर्म तेथेच आहे.

रस्त्यास गाडी दिसत नाही, त्यास चाक दिसते. दहा टन माल दोन आसांवर पडला तर रस्ता जितका दबेल, त्याहून तोच माल तीन आसांवर पडला तर पुष्कळच कमी दबेल. किती कमी, हे अमेरिकेत प्रत्यक्ष पाहिले गेले. इलिनॉय प्रांतात ओटावा गावाजवळ खास रस्ते बांधून १९५८ ते १९६० अशी दोन वर्षे त्यांवरून लष्करी चालकांकरवी भरलेले ट्रक सतत फिरविण्यात आले. त्यातून निष्कर्ष निघाला तो असा : आसावरचे ओझे दुप्पट केले, तर रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, ती ढोबळ मानाने सोळा पट होते. म्हणजे ओझ्याचा चौथा घात घ्यावयाचा. दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा. आमच्या वर्गातील मुलांस घातांक कशाला शिकावयाचे असा प्रश्न नेहमी पडे. त्यांपैकी जी मुले पुढे डंपर चालवू लागली, त्यांच्यासाठी हे उत्तर आहे.

आपल्या देशात चार टायरच्या एका आसावर पूर्वी ८.१६ टन भाराची मर्यादा धरीत. हा आकडा विचित्र दिसतो, पण ते अठरा हजार पौंडांचे केवळ रूपांतर आहे. रस्त्याची जाडी ठरविताना अभियंते आजही हाच आस प्रमाण मानतात. पुढे मर्यादा १०.२ टनांवर गेली. आकडा सव्वापट झाला इतकेच. परंतु चौथ्या घाताने पाहिले, तर रस्त्यास होणारा त्रास सुमारे अडीचपट वाढला.

आता आपल्या गावाकडे येऊ. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि भाताच्या खाचरांतून कारखान्यांच्या चिमण्या वर आल्या. १९७० साली सिडको स्थापन झाली, भूसंपादन झाले, शेते गेली, मिठागरे गेली. जासईच्या भूमीवर १९८४ च्या जानेवारीत काय घडले आणि दि. बा. पाटील साहेबांनी आपल्यासाठी काय केले, ते या स्मरणिकेच्या वाचकांस नव्याने सांगण्याचे कारण नाही. आम्हांस येथे एवढेच नोंदवावयाचे आहे की, जमिनीच्या मोबदल्याचा जो पैसा हाती आला, त्यातून पुष्कळ घरांनी गाडी घेतली. हे स्वाभाविक होते. नवे शहर उभे राहत होते. त्यास खडी हवी होती, मुरूम हवा होता, आणि तो दगड आपल्याच पारसिकच्या डोंगरांत होता. तेथील दगडखाणी प्रकल्पग्रस्तांस चालविण्यास मिळाल्या. नांगर सोडलेल्या हातांनी सुकाणू धरले.

येथेच एक माप आडवे आले. खडी आणि वाळू आपल्याकडे टनावर विकत नाहीत, ब्रासवर विकतात. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हे जागेचे माप झाले, ते वजनाचे नव्हे. हौदा किती भरला ते डोळ्यांस दिसते, पण त्याचे ओझे किती झाले ते दिसत नाही. एक ब्रास कोरड्या खडीचे वजन अदमासे सव्वाचार टन धरावे; वाळू भिजलेली असेल तर आणखी अधिक. सहा चाकी डंपरचे उदाहरण घेऊ. १९९६ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेप्रमाणे अशा गाडीचे मालासह कमाल वजन १६.२ टन : पुढच्या आसावर ६ आणि मागच्यावर १०.२. रिकामा डंपर साडेसहा टनांच्या आसपास भरतो. त्यात दोन ब्रास खडी घातली तर एकूण पंधरा टन झाले, गाडी कायद्यात बसली. तिसरा ब्रास घातला की ती १९ टनांपलीकडे गेली, म्हणजे तीन टन अधिक. या अधिक वजनाचा बहुतांश भाग मागच्या आसावर येतो. तेथे १०.२ च्या जागी तेरा टन पडले, तर त्या एका खेपेने रस्त्याची हानी अडीच पटींहून जास्त झाली. आणि हौद्याकडे पाहून कोणास काय दिसते? फळक्याच्या वर वीतभर खडी, इतकेच.

कोणी म्हणेल, रस्ता सरकारचा आहे, त्याची चिंता आम्ही का वाहावी? या प्रश्नास उत्तर देण्यासाठी रस्ता क्षणभर बाजूस ठेवू आणि नुसता धंद्याचा हिशेब मांडू. एखाद्या बांधकामास दिवसास साठ ब्रास खडी लागते, असे समजा. प्रत्येक गाडी दोन ब्रास नेईल, तर तीस खेपा होतील. प्रत्येक गाडी तीन ब्रास नेऊ लागली, तर वीसच खेपा होतील. दहा खेपांचे काम गावातून गेले. ते कोणाचे गेले? ज्याच्या दहा गाड्या आहेत त्याचे नव्हे. ज्याची एकच गाडी आहे आणि जी दारात उभी राहिली, त्याचे गेले. बरे, तीन ब्रास नेणाऱ्याचा तरी लाभ झाला काय? प्रारंभी होतो. पण सर्वच तीन ब्रास भरू लागले की कंत्राटदार ब्रासमागे भाडे उतरवितो, आणि थोड्याच दिवसांत तीन ब्रासचे भाडे पूर्वीच्या दोन ब्रासच्या जवळपास येऊन ठेपते. शिवाय टायर लवकर झिजतात, कमानपाटे तुटतात, क्लच जातो, उतारावर ब्रेक तापतात. हा सर्व खर्च गाडीवाल्याचा, आणि स्वस्त खडी मात्र कंत्राटदाराची. म्हणून आमचे असे स्पष्ट मत झाले आहे की, वजनाची मर्यादा रस्त्याचे रक्षण करते त्याहून अधिक ती एका गाडीच्या धन्याचे रक्षण करते. आपल्या समाजात गाडीवाले बहुतेक असेच आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी, नाव सांगत नाही, अशीच एक गाडी चालवीत असे. एके रात्री महामार्गावर गाडी अडविली गेली, वजनकाट्यावर नेली, आणि कित्येक टन माल अधिक निघाला. माल भरून देणाऱ्यास त्याने दूरध्वनी केला, तो उचलला गेला नाही. पहाटेपर्यंत त्याने व किन्नराने मिळून जादा माल फावड्याने रस्त्याकडेला उतरविला. दंड त्याच्या शेठने भरला खरा, परंतु पुढील तीन महिन्यांच्या पगारातून कापून घेतला. "गुरुजी, भरताना मी नको म्हटलं होतं," एवढेच तो आम्हांस म्हणाला. तांडेलाचा वर केलेला हात येथे कोणी मानीत नाही, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले.

कायदा तरी याविषयी काय म्हणतो? १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या ११३ व्या कलमात जादा वजनाची गाडी चालविणारा, चालवावयास लावणारा आणि चालवू देणारा या तिघांसही मनाई आहे. आणि चालक स्वतः मालक नसेल, तर हे कृत्य मालकाच्या माहितीने अथवा आज्ञेने झाले असे न्यायालयास गृहीत धरता येते. ही तरतूद आपल्या चालकबंधूंनी पाठ करून ठेवावी अशी आहे. ११४ व्या कलमाप्रमाणे अधिकारी लेखी हुकूम देऊन जादा माल उतरविण्यास सांगू शकतो, व तो उतरेपर्यंत गाडी हलविता येत नाही. उतरविलेल्या मालाची जोखीमही गाडीवाल्यावरच.

परंतु प्लिमसोलच्या रेषेची जी गत झाली, तीच येथेही झाली. दंड भरला की गाडी तशीच पुढे जाऊ देण्याचा प्रघात पडला. इतकेच काय, काही राज्यांनी ठोक रक्कम घेऊन जादा माल नेण्याची सोयच करून दिली. त्यास गोल्ड कार्ड म्हणत. रेषा कायद्यात राहिली, आणि ती कोठे काढावयाची हे पैसे भरणारा ठरवू लागला. अखेर ९ नोव्हेंबर २००५ रोजी परमजित भसीन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, राज्यांस अशी मुभा देण्याचा अधिकार नाही; दंड घेतला तरी जादा माल उतरविलाच पाहिजे. निकाल फार मोलाचा आहे. त्याची अंमलबजावणी रात्रीच्या वेळी कशी होते, हे महामार्गावर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी इतरांस सांगण्याची गरज नाही.

पुढे दोन मोठे बदल झाले. १६ जुलै २०१८ च्या अधिसूचनेने मर्यादाच वाढविली. पुढच्या दोन टायरच्या आसास ६ च्या जागी ७ टन, मागच्या चार टायरच्या आसास १०.२ च्या जागी ११.५ टन, जोड आसास १९ च्या जागी २१ टन. सहा चाकी गाडी १६.२ वरून १८.५ टनांवर गेली, दहा चाकी २५ वरून २८.५ वर, आणि मोठ्या ट्रेलरगाड्यांची कमाल मर्यादा ५५ टनांवर. वाहतुकीचा खर्च उतरावा हा सरकारचा हेतू होता. आमच्या मते येथे घाई झाली. आधीच्याच गाड्या अधिक माल नेऊ लागल्या म्हणजे कमी गाड्या पुरतात, हा वर सांगितलेला तीस आणि वीस खेपांचाच हिशेब. तो या वेळी कायद्यानेच घडविला. पुढील वर्षी देशात मालवाहू गाड्यांची विक्री घसरली, तिच्या अनेक कारणांत हेही एक गणले गेले. आणि तरीही तीन ब्रास भरलेला आमचा सहा चाकी डंपर नव्या मर्यादेतही बसत नाही. सुमारे एक टनाने तो अधिकच भरतो.

दुसरा बदल दंडाचा. पूर्वी दोन हजार रुपये व प्रत्येक जादा टनामागे एक हजार अशी आकारणी होती. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्रीय कायद्यात ती वीस हजार व टनामागे दोन हजार अशी केली. तीन टन जादा निघाले तर पूर्वी पाच हजार, आणि आता सव्वीस हजार. वजनासाठी थांबण्याचे नाकारून निघून गेल्यास चाळीस हजार.

या संदर्भात तुर्भ्याच्या बाजाराची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मुंबईचा घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने आपल्या शेजारी आला. भाजीपाला व फळे १९९६ साली आली. त्याबरोबर माथाडी कामगार आले, ज्यांच्यासाठी अण्णासाहेब पाटलांनी लढा दिला आणि ज्यांच्या हिताचा कायदा महाराष्ट्राने १९६९ साली केला. पूर्वी शंभर किलोची गोण एकाच माणसाच्या पाठीवर चढे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली याविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत पुरुषाने पंचावन्न किलोंपेक्षा अधिक भार उचलू नये असे सुचविले. भारताने त्या करारास २०१० साली मान्यता दिली. तुर्भ्याच्या बाजारात कांद्याची गोण पन्नास किलोंपेक्षा जड आली म्हणून माथाड्यांनी काम थांबविल्याचे आपण अनेकदा ऐकले असेल. ते थांबवू शकतात, कारण ते एकत्र आहेत. एकटा गाडीवाला "तिसरा ब्रास नेणार नाही" म्हणाला, तर त्याच्या मागे दुसरी गाडी उभीच असते. आणि ती दुसरी गाडी पुष्कळदा आपल्याच भाऊबंदांची असते. याचा विचार आपल्या मंडळाने अवश्य करावा. भाडे ठरविण्यासाठी आपण बैठका घेतो, तशी ब्रासची मर्यादा ठरविण्यासाठीही एखादी घेतली, तर निदान एका खडी केंद्रापुरते तरी ते जमून येईल.

आता पर्यावरणाच्या अटींमुळे डोंगरातील खाणींवर गदा आली आहे, आणि आपली तरुण मंडळी न्हावा-शेव्याच्या बंदराकडे ट्रेलर घेऊन जाऊ लागली आहेत. ते बंदर १९८९ पासून चालू आहे. तेथे निराळाच प्रकार आहे. १ जुलै २०१६ पासून जगभर असा नियम झाला की, भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन माल पाठविणाऱ्याने लिहून दिल्यावाचून तो जहाजावर चढवू नये. जहाजाचा तोल जाऊ नये म्हणून हा नियम आला. पण त्यामुळे निर्यातीचा कंटेनर ओढणाऱ्या आपल्या चालकास त्यातील वजन कागदावर मागता येते. आयात होऊन आलेल्या मालाचेही वजन कागदपत्रांत असते. ते पाहून, त्यात रिकाम्या ट्रेलरचे वजन मिळवावे आणि बेरीज नोंदणी पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावी. नोंदणी पुस्तकात रिकाम्या गाडीचे वजन, मालासह कमाल वजन आणि आसांची वजने अशा तिन्ही नोंदी असतात. ज्या घरी गाडी आहे त्यांनी हे आकडे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून चालकाच्या समोर, देवाच्या तसबिरीखाली चिकटवावेत. शिरवण्यातील दोन-तीन गाड्यांत आम्ही स्वतः तसे लिहून दिले आहेत. आणखी कोणास हवे असल्यास सायंकाळी घरी यावे, नोंदणी पुस्तक बरोबर आणावे.